वेणुवृंद

बासरी हे वाद्य दिसावयास किती साधे! एक पोकळ वेळू, त्याच्या एका टोकाशी बूच, फुंकण्यासाठी एक छिद्र आणि बोटांसाठी सहा छिद्रे. तिला तार नाही, कातडे नाही, पडदे नाहीत. पाथर्डी तालुक्यातील मढीच्या यात्रेत किंवा दुसऱ्या कोणत्याही गावच्या जत्रेत, काठीला बासऱ्यांचा झुबका बांधून हिंडणारा विक्रेता तुम्ही पाहिला असेल. तो स्वतः वाजवतो तेव्हा वाटते, की हे काय, आपणही सहज वाजवू. दोन आणे मोडावेत तसे काही रुपये मोडून बासरी घरी आणावी, आणि मग चार दिवस नुसती फुसफुस ऐकू यावी! मुलांनो, हा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांना असेल.

बासरी म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे एकटा माणूस उभा राहतो. पारनेर, कर्जत, जामखेड या तालुक्यांतील माळरानांवर मेंढरांमागे चालणारा धनगर असो, की कदंबाखाली उभा असलेला श्रीकृष्ण असो, वाजवणारा एकच. सनई-चौघडा म्हटला म्हणजे चार माणसे आठवतात, भजन म्हटले म्हणजे सारा गाव आठवतो. परंतु बासरी एकट्याची. मग दहा-वीस बासऱ्या एकत्र वाजतील काय? वाजल्या, तर त्यांतून गोंगाट निघेल की संगीत? आणि अशा वृंदासाठी गाणे रचावयाचे, तर ते कसे रचावे?

प्रथम शब्दांची थोडी ओळख करून घेऊ. संस्कृतात वेणू आणि वंश या दोन्ही शब्दांचा अर्थ बांबू असाच आहे. बांबूला पेरामागून पेर फुटते, तशी कुळात पिढीमागून पिढी येते. म्हणून वंश या शब्दाला कूळ असा दुसरा अर्थ चिकटला. बासरीला वंशी म्हणतात, आणि ती वाजवणाऱ्याला जुन्या ग्रंथांत वांशिक म्हटले आहे. मराठीत मुरली, पावा, अलगूज अशी आणखीही नावे आहेत. अलगूज मात्र तोंडात सरळ धरून फुंकावयाचे असते, बासरीसारखे आडवे नव्हे.

बासऱ्यांचे वृंद ही आजची कल्पना नाही. आपल्या जिल्ह्याच्या शेजारीच देवगिरीचा किल्ला आहे. तेथे तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या आश्रयाला शार्ङ्गदेव नावाचा पंडित होता. त्याने ‘संगीतरत्नाकर’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. उत्तम गायकवृंदात किती माणसे असावीत, हे त्याने मोजून सांगितले आहे. मुख्य गायक ४, त्यांना साथ देणारे ८, गायिका १२, बासरीवाले ४ आणि मृदंगवाले ४. म्हणजे बत्तीस जणांत चार बासऱ्या! गायकाला योग्य स्वरस्थान दाखवावे आणि त्याचा दोष झाकावा, अशीही अपेक्षा त्याने बासरीवाल्यांकडून केली आहे. मला ही दुसरी अपेक्षा फार आवडते. कोणाचा स्वर घसरला, की आपण हसतो. शार्ङ्गदेवाचा वांशिक तो घसरलेला स्वर आपल्या स्वरात लपेटून घेई.

याच ग्रंथात बासऱ्यांचे आकारही दिले आहेत. फुंकण्याचे छिद्र आणि बोटांचे पहिले छिद्र यांत किती अंगुळे अंतर आहे, त्यावरून बासरीचे नाव ठरे. एक अंगुळ असेल तर एकवीर, तीन असतील तर त्रिपुरुष, चार असतील तर चतुर्मुख, सहा असतील तर षण्मुख. पुढे मुनी म्हणजे सात, वसू म्हणजे आठ, रुद्र म्हणजे अकरा, आदित्य म्हणजे बारा आणि मनू म्हणजे चौदा. नावातच माप! सप्तर्षी सात आणि रुद्र अकरा हे ज्याला ठाऊक, त्याला मोजपट्टीची गरज नाही.

आता लांबीचा आणि स्वराचा संबंध पाहू. बासरीतून जो नाद निघतो, तो बांबूचा नसून आतल्या हवेचा असतो. ओठांतून निघालेला वाऱ्याचा झोत छिद्राच्या कडेवर आपटतो आणि नळीतील हवा कंप पावू लागते. नळी लांब असेल तर कंप सावकाश होतात, स्वर खालचा येतो. नळी आखूड असेल तर कंप भराभर होतात, स्वर चढा येतो. नळीची लांबी अर्धी केली, तर तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो. बोटाने छिद्रे उघडणे म्हणजे नळी आखूड करणेच होय. सहाही छिद्रे झाकली म्हणजे मंद्र पंचम, वरची तीन झाकून खालची तीन उघडली म्हणजे षड्ज, ही आपल्याकडची नेहमीची रीत आहे.

या गोष्टीचा विचार ज्यांनी आयुष्यभर केला, ते पन्नालाल घोष. त्यांचा जन्म २४ जुलै १९११ रोजी बारिसाल येथे झाला. हे गाव आता बांगलादेशात आहे. १९४० साली ते मुंबईस आले, मालाडला राहिले, आणि चित्रपटांच्या संगीतात काम करू लागले. त्या काळी बासरी म्हणजे लोकगीतांचे आणि हलक्याफुलक्या गाण्यांचे वाद्य, अशी समजूत होती. ख्यालाची संथ, गंभीर बढत तिच्यावर होणार नाही, असे जाणकार म्हणत. आणि त्यांचे म्हणणे त्या वेळच्या लहान बासरीपुरते खरेही होते. आखूड नळीतून खर्ज येणार कोठून? पन्नालालांनी तक्रार केली नाही, नळी बदलली. प्रयोग करीत करीत त्यांनी सुमारे बत्तीस इंच लांबीची बासरी सिद्ध केली आणि तिला सातवे छिद्रही दिले. एवढ्या लांब नळीवरील छिद्रे एकमेकांपासून दूर असतात. ती झाकण्यासाठी बोटांची टोके पुरत नाहीत, बोटांची पेरे वापरावी लागतात. हात ताणून ताणून त्यांनी ती कला साध्य केली. नाव झालेले असतानाही १९४७ साली ते उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडे शिष्य म्हणून गेले.

आकाशवाणीने १९५२ साली दिल्लीस वाद्यवृंद स्थापन केला, तेव्हा पंडित रविशंकर आणि टी. के. जयराम अय्यर हे त्याचे संचालक होते. १९५६ साली पन्नालाल त्या वृंदाचे संचालक झाले. ‘कलिंगविजय’, ‘ऋतुराज’ यांसारख्या रचना त्यांनी वृंदासाठी केल्या. एकट्याने वाजवण्याच्या वाद्यात ज्याने जन्म घालवला, तो आता अनेकांसाठी स्वर लिहू लागला. दुर्दैवाने हे काम फार वर्षे चालले नाही; २० एप्रिल १९६० रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. परंतु मुंबईत व दिल्लीत त्यांचे शिष्य होते, आणि लांब बासरी तर आता सर्वांचीच झाली आहे. पुण्याचे पंडित केशव गिंडे यांनी त्याच परंपरेत ‘केशव वेणू’ ही बासरी तयार केली. पंडित हरिप्रसाद चौरसिया यांचे शिष्य विवेक सोनार यांनी ठाण्यास बासरी उत्सव सुरू केला. त्यात बासरीवादकांचा मोठा वृंद एकत्र वाजवतो.

लहान-मोठ्या बासऱ्या आल्या म्हणजे वृंद झाला, असे मात्र समजू नका. खरी अडचण पुढेच आहे. एक बासरी सेकंदाला ४४० कंप देत असेल आणि शेजारची ४४२, तर दोन्ही मिळून सेकंदाला दोनदा आवाज वाढतो आणि दोनदा ओसरतो. हा थरकाप कानाला लगेच कळतो. बासरीचा नाद निर्मळ असल्यामुळे तिच्यात बेसूरपणा लपत नाही. त्यातून आपल्या नगरच्या हवेची गंमत पाहा. माघातल्या पहाटेची थंडी आणि दुपारचे ऊन यांत सहज दहा-पंधरा अंशांचा फरक असतो. हवा दहा अंश तापली, की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे सहा मीटरनी वाढतो आणि बासरीचा स्वर चढतो. ही चढण लगतच्या दोन सुरांतील अंतराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढी असते. आणि तंबोऱ्याची तार? ती उन्हाने सैल होऊन उतरते. एक चढतो, दुसरी उतरते! म्हणून वृंदातील मुले वादनापूर्वी दहा मिनिटे नुसता श्वास घालून बासऱ्या कोमट करतात, आणि मगच तंबोरा लावला जातो. उरलेला बारीक फरक ओठांनी दुरुस्त करावा लागतो. बासरी किंचित आत वळवली, की स्वर उतरतो. बाहेर वळवली, की चढतो.

आता रचनेकडे वळू. आपले संगीत एका वेळी एका स्वरावर चालणारे. सर्वांनी एकच चाल वाजवली तर ते वृंदगान होईल, पण त्याचा लवकर कंटाळा येईल. कारण साऱ्या बासऱ्यांचा रंग एकच. सतार, सारंगी, जलतरंग यांच्या वृंदात रंग आपोआप बदलतात. वेणुवृंदात ते रचनाकारालाच निर्माण करावे लागतात. कधी एक चाल मंद्र आणि तार अशा दोन सप्तकांत वाजवावी. कधी एका गटाने प्रश्न करावा, दुसऱ्याने उत्तर द्यावे. कधी सर्वांनी थांबून एकट्याला बोलू द्यावे. या शेवटच्या युक्तीचा उपयोग नवे रचनाकार फार थोडा करतात; त्यांना वाटते, माणसे बसवली आहेत तर ती वाजत राहिली पाहिजेत.

रागाची निवडही जपून करावी. भूपातील सा, रे, ग, प, ध या पाच स्वरांपैकी कोणतेही दोन एकत्र आले, तरी फारसे भांडत नाहीत. म्हणून पहिल्या रचनेला भूप बरा. मारव्यात पंचमच नाही. तेथे कोणी सवयीने पंचम धरून बसला, तर राग गेलाच म्हणून समजा.

आमच्या शाळेतील मुलांसाठी केलेली एक लहानशी ओळ येथे देतो. ताल तीनताल, मात्रा सोळा. खाली टिंब असलेला स्वर मंद्र सप्तकातील आहे. आडवी रेघ म्हणजे मागील स्वर लांबवावयाचा.

पहिला गट : सा रे ग रे | ग प ध प | ग रे ग प | ग रे सा –
दुसरा गट : सा – – – | प़ – – – | ग – – – | सा – – –

पहिला गट चालतो, दुसरा उभा राहतो. दहाव्या मात्रेवर वरचा रे आणि खालचा ग क्षणभर एकमेकांना घासतात, आणि अकराव्या मात्रेवर दोन्ही गट ग वर भेटतात. ही घासाघीस मुद्दाम ठेवली आहे. तिच्यावाचून ती भेट गोड लागत नाही.

स्वर असे कागदावर उतरवण्याची पद्धत आपल्याकडे रुजवली ती पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) आणि पंडित विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनी. एकटा वादक चाल मनात ठेवू शकतो. परंतु वीस जणांच्या मनांत एकच चाल ठेवावयाची, तर कागद हवा. त्या कागदावर आणखी एक गोष्ट लिहावी लागते, ती म्हणजे श्वास. सर्वांनी एकाच वेळी श्वास घेतला, तर संगीताला मधोमध भोक पडते. म्हणून दुसऱ्या गटातील एकाने तिसऱ्या मात्रेवर, दुसऱ्याने सातव्यावर, तिसऱ्याने बाराव्यावर श्वास घ्यावा, असे आधीच ठरवतात. मग ऐकणाऱ्याला वाटते, की ही बासरी श्वास घेतच नाही.

मी पारनेर तालुक्यातील एका शाळेत मुख्याध्यापक असताना आमच्या संगीतशिक्षकांनी असा वृंद बसवला होता. शाळेने एका मापाच्या बारा बासऱ्या आणल्या होत्या. सर्वांचा षड्ज पेटीच्या काळी एकमध्ये होता. वर दिलेली ओळ मुलांना येऊ लागली होती. तेवढ्यात सातवीतला एक धनगराचा मुलगा स्वतःची बासरी घेऊन आला. ती त्याच्या आजोबांची होती, चांगली लांब, धुराने काळवंडलेली, दोन ठिकाणी दोऱ्याने आवळलेली. मुलगा इतरांपेक्षा कितीतरी चांगला वाजवी. पण सर्वांबरोबर त्याने षड्ज लावला मात्र, आणि मुलांनी कानांवर हात ठेवले. त्याचा षड्ज निराळाच होता.

मुलांचे म्हणणे सरळ होते. “सर, त्याला शाळेची बासरी द्या, नाहीतर तो नको.” शाळेची तेरावी बासरी नव्हती, आणि असती, तरी त्याने घेतली असती असे मला वाटत नाही. तो काही बोलला नाही. बासरी सदऱ्याखाली घालून तो बाहेर लिंबाखाली जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला, परंतु संगीताच्या तासाला आला नाही.

संगीतशिक्षक मुलांना रागावले नाहीत. त्यांनी त्या मुलाला बोलावून पेटीशेजारी बसवले आणि त्याचा षड्ज शोधला. तो निघाला काळी चारमध्ये, म्हणजे शाळेच्या बासऱ्यांच्या मंद्र पंचमावर, अगदी तंतोतंत. गुरुजी क्षणभर हसले आणि म्हणाले, “तुला दुर्गा येतो का रे?” नाव त्याला माहीत नव्हते, पण सा, रे, म, प, ध हे स्वर सांगताच त्याने ते सफाईने वाजवून दाखवले. मध्यमासाठी पहिले छिद्र अर्धे झाकावे लागते. तेही त्याला आजोबांनी शिकवले होते.

मग गुरुजींनी फळ्यावर हिशोब मांडला. त्याचा सा म्हणजे आमचा मंद्र प. त्याचा रे म्हणजे आमचा मंद्र ध. त्याचा म म्हणजे आमचा सा. त्याचा प म्हणजे आमचा रे. त्याचा ध म्हणजे आमचा ग. सारे पाचही स्वर भूपाचे! त्याची बोटे दुर्ग्याची वाट चालणार आणि ऐकणाऱ्याच्या कानी भूप पडणार. आपल्या संगीतात याला मूर्च्छना म्हणतात. स्वर तेच ठेवून षड्ज दुसरीकडे मानला, की राग बदलतो.

दुसऱ्या गटाची ओळ त्याच्या वाट्याला आली. इतर मुलांच्या कागदावर सा, प़, ग, सा असे लिहिले होते. त्याच्या कागदावर म, सा, ध, म असे लिहून दिले. शाळेच्या बासऱ्यांवर मंद्र पंचम सहाही छिद्रे झाकून काढावा लागे, तो दुबळा येई, मध्येच फाटे. त्याच्या लांब बासरीवर तोच स्वर म्हणजे षड्ज, वाद्याच्या अगदी मध्यावरचा. तो त्याने धरला तेव्हा खोलीतल्या बाकांना कंप सुटल्यासारखे वाटले. बारा मुले एकदम गप्प झाली. पहिल्या रांगेतल्या, कालपर्यंत सर्वांत जास्त कुरकुर करणाऱ्या मुलाने हळूच विचारले, “सर, त्याला मध्ये बसवू या का?”

मध्ये बसवणे योग्यच होते. खोल स्वराच्या बासऱ्या मधोमध असल्या, की दोन्ही बाजूंच्या मुलांना आधार ऐकू येतो. बाकीच्यांनी अर्धवर्तुळात बसावे, आणि बासरीची टोके सर्वांची एकाच बाजूला असावीत. नाहीतर शेजाऱ्याच्या कानाला ठोसा बसतो! पंखा बंद ठेवावा, कारण वाऱ्याची एक झुळूक फुंकरीचा झोत मोडून टाकते. उघड्या मांडवात वाजवावयाचे झाल्यास वाऱ्याकडे पाठ करावी. आरंभ कोणी “एक, दोन, तीन” म्हणून करीत नाही. मुखियाने श्वास घेताना खांदे किंचित उचलले, की सर्वांनी त्याच्याबरोबर श्वास घ्यावा. एकत्र घेतलेला श्वास एकत्रच बाहेर पडतो.

इतर देशांतही लोकांनी अशाच अडचणींतून वाटा काढल्या आहेत. फ्रान्समध्ये बोआमोर्तिए नावाच्या रचनाकाराने १७२७ साली केवळ पाच बासऱ्यांसाठी, दुसऱ्या कोणत्याही वाद्याच्या आधाराशिवाय, सहा रचना प्रसिद्ध केल्या. जर्मनीतील थिओबाल्ड बोएम याने १८४७ साली कळांची धातूची बासरी बनवली. आज पाश्चात्त्य बासरीवृंदात तिच्या लहानमोठ्या बहिणी शेजारी शेजारी वाजतात. पण मला सर्वांत नवल वाटते ते दक्षिण अमेरिकेतील टिटिकाका सरोवराच्या काठच्या लोकांचे. त्यांचे ‘सिकू’ नावाचे वाद्य म्हणजे लहानमोठ्या वेळूनळ्यांची जुडी. प्रत्येक नळीतून एकच स्वर निघतो. गंमत अशी, की एका माणसाच्या जुडीत सगळे स्वर नसतात. एक सोडून एक असे अर्धे स्वर एकाजवळ, उरलेले अर्धे त्याच्या जोडीदाराजवळ. चाल वाजवावयाची, तर एकाने एक स्वर फुंकावा, दुसऱ्याने लगेच पुढचा. सागरसपाटीपासून ३,८०० मीटर उंचीवर, विरळ हवेत, दम तर लवकर लागणारच. एकजण फुंकतो तेवढ्यात दुसरा श्वास घेतो. अशा पुष्कळ जोड्या वर्तुळात फिरत एकत्र वाजवतात, आणि त्यांतल्या एकालाही पूर्ण चाल एकट्याने वाजवता येत नाही.

अभ्यास

शार्ङ्गदेवाने सांगितलेल्या बासऱ्यांच्या नावांत अंक कसे दडले आहेत, ते लिहा; ‘वेद’, ‘ऋतू’, ‘ग्रह’ या शब्दांवरून तुम्ही कोणते अंक ओळखाल? थंडीत लावलेली बासरी आणि तंबोरा दुपारी का जुळत नाहीत, ते सांगा. धनगराच्या मुलाला पहिल्या गटाची ओळ वाजवावयास दिली असती, तर त्याच्या कागदावर कोणते स्वर लिहावे लागले असते? ते लिहून काढा. ‘दम’ आणि ‘श्वास’ हे शब्द असलेले वाक्प्रचार आठवा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.